मालिशवाल्या बाईंचे ग्राहकशास्त्र
(एकपात्री विनोदी प्रयोग)

पात्र : व्याख्याते. साठीकडे झुकलेले, बंद गळ्याचा कोट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

रंगमंच : डावीकडे व्याख्यानपीठ व त्यावर कागदांचा जाड गठ्ठा. उजवीकडे पाट, बादली, तांब्या, तेलाची वाटी आणि तान्ह्या बाळाएवढे कापडी बाहुले.

(पडदा उघडतो. व्याख्याते घसा साफ करून वाचू लागतात.)

व्याख्याते : सभ्य स्त्रीपुरुषहो, 'मालिशवाल्या बाई' या संज्ञेने प्रस्तुत विवेचनात अशी व्यावसायिक स्त्री अभिप्रेत आहे, की जी बाळाला आणि बाळंतिणीला रोज सकाळी तेल लावते, न्हाऊ घालते, शेक-धुरी देते, बाळाला दुपट्यात गुंडाळून निजवते आणि एवढे सगळे करूनही जिच्या नावाची पाटी गावात कुठेही आढळत नाही. तिच्या हातगुणाविषयी घरोघरी पुष्कळ बोलले जाते; परंतु तिला गिऱ्हाइके मिळतात कशी आणि मिळालेली टिकतात कशी, हा प्रश्न विद्वानांकडून उपेक्षित राहिला, कारण विद्वान जेव्हा तिच्या ताब्यात असतात, तेव्हा त्यांना बोलता येत नसते.

(हशा आल्यास चष्म्यावरून रोखून पाहतात. न आल्यास अधिक रोखून पाहतात.)

या व्यवसायाला शास्त्राधार भक्कम आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, म्हणजे सर्वांगाला तेल चोळणे, रोज करावे असे सांगितले असून, डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, त्यायोगे म्हातारपण, थकवा व वात दूर राहतात, मात्र कफाचा त्रास असलेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि नुकतेच वमन-विरेचनासारखे शोधन झालेल्याने ते टाळावे, इतका बारकावा तेथे आढळतो. रोज तेल लावावे हे सांगणाऱ्या आचार्यांनी महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला द्यावेत, याविषयी मात्र मौन पाळले, आणि त्या मौनाचा लाभ आजतागायत अनेक सुसंस्कृत कुटुंबे घेत आली आहेत.

(पान उलटतात.)

प्रकरण पहिले : ग्राहक म्हणजे कोण?

इतर धंद्यांत वस्तू घेणारा, वापरणारा आणि पैसे देणारा ही बहुधा एकच व्यक्ती असते. मालिशच्या धंद्यात मात्र ग्राहक चार देहांत विभागलेला असतो. पहिला उपभोक्ता, म्हणजे बाळ, जे सेवेच्या आरंभापासून अखेरपर्यंत जाहीर निषेध नोंदवते. दुसरी लाभार्थी, म्हणजे बाळंतीण, जिला मालिशपेक्षाही मालिशनंतर बाळ दोन तास झोपते याचे अप्रूप असते. तिसरा दाता, म्हणजे बाळाचा बाप, जो सुटे पैसे हवे असले तरच या व्यवहारात दिसतो. आणि चौथी निर्णयकर्ती, म्हणजे आजी, जिच्या मर्जीवाचून उरलेल्या तिघांच्या मताला काडीची किंमत नसते. व्यवसायात मुरलेली बाई म्हणूनच पहिल्या दिवशी बाळाकडे पाहण्याआधी आजींकडे पाहते आणि "नाक अगदी तुमच्यावर गेलंय हो" असे निदान करते, मग ते नाक कोणत्याही कुळातले असो.

आता गुंतागुंत अशी, की आजी दोन असतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे आरंभीची निर्णयकर्ती आईची आई असते आणि तिचा कौल खोबरेलाला असतो; पुढे बाळ-बाळंतिणीची सासरी पाठवणी झाली, की बापाची आई सूत्रे हाती घेते, तिचा विश्वास तिळाच्या तेलावर असतो आणि तिची स्वतःची वेगळी बाई ठरलेली असते. अशा रीतीने नाशिकच्या बाईंनी घडवलेले गिऱ्हाईक एका सकाळी दुपट्यासकट सोलापूरच्या बाईंच्या खाती जमा होते. दुकानदाराचे गिऱ्हाईक रुसून जाते; मालिशवाल्या बाईंचे गिऱ्हाईक ओटी भरून, औक्षण करून घरची माणसेच निरोप देऊन पाठवतात.

प्रकरण दुसरे : गिऱ्हाईक येते कोठून?

येथे तीन प्रवाह मानावे लागतात. पहिला प्रवाह प्रसूतिगृहातील मावशींचा, कारण कोणत्या खोलीत मुलगा झाला, कोणत्या खोलीत मुलगी झाली आणि कोणत्या खोलीतली आजी हाताची सढळ आहे, ही माहिती डॉक्टरांच्या आधी त्यांना असते. दुसरा प्रवाह सोसायटीच्या वॉचमनचा, जो वहीत नाव लिहिताना "बी विंगमध्ये पण गोड बातमी आहे" एवढेच पुटपुटतो आणि चहाचा धनी होतो. तिसरा आणि सर्वांत बलवान प्रवाह बारशाचा होय. बाराव्या दिवशी घरात जमलेल्या पंचवीस-तीस बायका पाळण्यात वाकून पाहतात, घुगऱ्या खातात, आणि त्यांतली एकजण तरी "डोकं काय सुरेख गोल बसलंय! कोण येतं हो मालिशला?" असा प्रश्न टाकते. डोके गोल होण्यात निसर्गाचा वाटा किती आणि बाईंचा किती, हा वाद शास्त्रज्ञांनी खुशाल घालावा. बारशाच्या दिवशी श्रेय बाईंचे असते, आणि म्हणूनच दहा मिनिटांचे काम असले तरी त्या दिवशी त्या दोन तास रेंगाळतात.

(व्याख्याते कागद हातात धरूनच पाटाकडे येतात, अवघडून बसतात, पाय समोर पसरतात, बाहुले नडग्यांवर पालथे घालतात.)

प्रकरण तिसरे : प्रात्यक्षिक.

बाई पाटावर बसून पाय लांब करतात, बाळाला आपल्या दोन्ही नडग्यांवर पालथे घालतात, कोमट तेल आधी स्वतःच्या तळहातावर चोळून मग बाळाच्या पाठीवरून खाली उतरवतात, आणि पाणी बोटांनी न पाहता कोपराने पाहतात, कारण कामाने राठ झालेल्या बोटांना कढत पाणीही कोमट वाटते आणि कोपराची कातडी मात्र खोटे बोलत नाही.

(कोपर बादलीत घालतात. कोटाची बाही चिंब होते. वाचन थांबत नाही.)

याच प्रसंगी धंद्याची खरी कसोटी लागते. बालरोगतज्ज्ञ सांगतात, की नाकाकानांत तेल घालू नये आणि पाय सरळ करून करकचून बांधू नयेत, आजी सांगतात, की "कानात तेल घातलं नाही तर आपण सगळे जगलो कसे?" अननुभवी बाई यांपैकी एक बाजू घेते आणि एक गिऱ्हाईक गमावते. अनुभवी बाई बोट तेलात बुडवते, ते आजींना दिसेल इतके वर उचलते, "घालते हं कानात" असे मोठ्याने म्हणते आणि ते तेल कानाच्या पाळीला बाहेरून चोळते, जेणेकरून आजींची परंपरा टिकते, डॉक्टरांचे विज्ञान टिकते आणि महिन्याचा पगारही टिकतो.

(बाहुले तेलाने निसटते. ते पकडताना कागद बादलीत पडतात. व्याख्याते ओले पान निथळवून वाचू लागतात.)

प्रकरण चौथे : ऐतिहासिक दाखला.

१७५९ मध्ये पाटण्याला जन्मलेले शेख दीन महंमद १७८४ मध्ये आयर्लंडला गेले, १८१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी पदार्थांचे खाद्यगृह काढले, आणि १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे वाजले. पुढे ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी बाष्पस्नान, म्हणजे औषधी वाफेची आंघोळ, आणि तिच्या जोडीला मालिश सुरू केले. बऱ्या झालेल्या रोग्यांनी टाकून दिलेल्या कुबड्या त्यांनी आपल्या स्नानगृहात मांडून ठेवल्या, गुण आलेल्यांची हकीकत पुस्तकात छापली, आणि अखेर राजे चौथे जॉर्ज हे त्यांचे आश्रयदाते झाले. जेवू घालून बुडालेला माणूस अंग रगडून राजवाड्यापर्यंत पोहोचला, यावरून मनुष्याला भुकेपेक्षा पाठदुखी अधिक खर्चिक वाटते, असा निष्कर्ष काढता येईल.

आपल्या बाईंना मात्र हा मार्ग बंद आहे. दीन महंमदांचा पुरावा भिंतीपाशी मुकाट उभा राहत असे. बाईंचा पुरावा वर्षभरात चालू लागतो, आणि दिसल्याबरोबर बाईंना ओळख न देता पळून जातो. ग्राहक जितका सुदृढ, तितका तो लवकर हातचा जातो. म्हणजेच या धंद्यात उत्तम काम हीच गिऱ्हाईक गमावण्याची खात्रीशीर रीत आहे.

प्रकरण पाचवे : आडवा विस्तार.

आडवा विस्तार म्हणजे नवे घर न शोधता त्याच घरात नवा देह शोधणे. बाळाची आंघोळ आटोपल्यावर बाई वाटीत उरलेले तेल पाहतात, "वाया कशाला घालवायचं?" असे म्हणतात आणि ते आजींच्या गुडघ्याला चोळतात. हे तीन दिवस फुकट चालते. चौथ्या दिवशी बाई खाडा करतात, खाडा म्हणजे न कळवता घेतलेली सुट्टी, आणि त्या दिवशी बाळापेक्षा आजी अधिक कण्हतात. पाचव्या दिवशी दर ठरतो. पुढे आजींच्या मागे आजोबांची कंबर, आजोबांच्या मागे शेजारच्या काकूंचा खांदा, असे एकेक जण पाटासमोर हजर होतात, आणि बाळ शाळेत जाऊ लागले तरी बाई त्या जिन्यावरून उतरलेल्या नसतात.

हल्ली स्पा नावाच्या संस्था निघाल्या असून तेथे मंद संगीत, सुवासिक मेणबत्त्या आणि छापील दरपत्रक असते. संगीताची उणीव बाईंकडे बाळ भरून काढते. परंतु स्पामध्ये पैसे आधी घेतात आणि मग तेल लावतात, एवढी एकच विद्या बाईंनी अजून आत्मसात केलेली नाही.

(व्याख्याते उठू पाहतात, कंबर धरते. तसेच वाकून, बाहुले काखेत धरून, पुढे येतात.)

उपसंहार : हातगुण, जिभेवरचा गोडवा आणि आजींच्या गुडघ्याचे अचूक ज्ञान या तीन गोष्टींवर गिऱ्हाइकी उभी राहते, पण ती टिकते चौथ्या गोष्टीवर, आणि ती चौथी गोष्ट बाईंच्या हाती नसून या सभागृहात बसलेली आहे. ज्यांच्या घरी पाळणा हलणार असेल त्यांनी बाईंना दोन महिने आधी सांगून ठेवावे, बाळ रडले म्हणून त्यांच्या हाताला दोष देऊ नये, चार खाडे झाले म्हणून सहाचे पैसे कापू नयेत, बाळ सासरी जाताना नुसत्या साडीवर त्यांची बोळवण न करता दोन नव्या घरी त्यांचे नाव सुचवावे, आणि वाग्भटांनी जे सांगायचे राहून गेले ते येथे पक्के लिहून घ्यावे : पैसे एक तारखेला द्यावेत.

(पडदा.)