आतूनवाले नाना

भंगारवाल्याच्या आधी दारात पोचणारे नाना तुमच्याही सोसायटीत असणारच. आमचे डोंबिवलीचे नाना वस्तू हातात घेण्याआधीच निदान सांगून मोकळे होतात: "हे आतून आहे."

नळाला गढूळ पाणी आलं, आतून. लिफ्ट अडकली, आतून. तिसऱ्या मजल्यावर सासू-सुनेचं वाजलं, तेव्हाही जिन्यात उभं राहून म्हणाले, "वरवर पुसून जायचं नाही ते."

माझा जुना स्कॅनर मात्र खरंच आतून होता. काच वरून लख्ख. मोबाइलचा उजेड तिरपा पाडला की खालच्या अंगाला दुधाळ साय. काळी अक्षरं राखाडी उमटायची. नवा घेतो म्हटलं तर नाना भडकले. "हा सीसीडीवाला आहे. नव्या चपट्या मशीनवर जाड पुस्तक ठेवून बघ, शिवणीजवळची अक्षरं धुरकट येतात. आणि ही नुसती धूळ नाही. आतलं प्लास्टिक, ग्रीस वर्षानुवर्षं वाफ सोडतं, ती काचेला बसते."

रविवारी माझं जेवणाचं टेबल नानांच्या ताब्यात गेलं. वायर काढली, पेपर पसरला, रबरी बुचांखाली दडलेले स्क्रू बशीत पडले. आयसोप्रोपिल अल्कोहोल काचेवर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. काचेच्या टोकाशी खालून चिकटवलेली पांढरी पट्टी दिसली, तसा त्यांनी माझा हात झटकला. "हिला बोट लावशील तर याद राख! मशीन आधी हिच्याकडे बघून पांढरं म्हणजे काय ते ठरवतं. इथे डाग पडला, की पानभर उभी रेघ." खालच्या आरशांना फडकंही नाही, नुसती रबरी पंपाची हवा. त्यांचा चकाकता लेप वरच्याच अंगाला असतो, पुसला की ओरखडे. नानांच्या जगात आतून नसलेली एवढी एकच गोष्ट मला सापडली.

काच बसली आणि नानांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. गिरणीचे पास, ईएसआयची कार्डं. एक त्यांचं, बाकी खात्यातल्या सोबत्यांची. म्हाडाच्या घरासाठी गिरणी कामगाराला आपण कामाला होतो हे कागदानेच सिद्ध करावं लागतं, आणि कागद तर पुसट होत चाललेले. स्क्रीनवर पासावरचा तिकीट नंबर ठळक उमटला, तेव्हा नाना चक्क गप्प बसले.

नाना गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. संपाने गिरण्या बुडवल्या असं लोक म्हणतात, हे मी काढलं. मशीनचे स्क्रू परत आवळता आवळता ते म्हणाले, "मालकांनी जुनेच साचे चालवले, नफा दुसरीकडे नेला. संप बाहेरून दिसला रे. ते आतून होतं."

माणूस डोकं खातो. चहात साखर कमी पडली तरी कारण आतूनच शोधतो. पण त्या पिशवीतल्या एकाही कार्डाचा त्याने कुणाकडून पैसा घेतलेला नाही. सोबत्यांपैकी काहींना म्हाडाच्या लॉटरीत घर लागलं. नानांचं नाव अजून लागलेलं नाही.