दहावं बटण

तक्त्याच्या चौकटीत मजकूर नीट बसावा म्हणून वर्डमध्ये नऊ बटणं दिली आहेत. आपल्या कचेऱ्यांत मात्र दहावंच चालतं: स्पेसबार. अक्षरं खाली ढकलायची असतील तर त्याच्या मदतीला एंटर. मग साहेब फाँट बदलतात आणि रकमांची रांग बाजार उठल्यासारखी पांगते.

मधलं बटण दाबूनही मजकूर वर लटकतो, तेव्हा शिव्या संगणकाला पडतात. खरी चोर असते परिच्छेदानंतर सोडलेली मोकळी जागा. मध्य काढताना वर्ड तीही मजकुरातच धरतं. ती शून्य करा, रकमांना दशांश टॅब लावा. काम मिनिटाचं आहे. पण मग दिवसभर व्यस्त कसं दिसणार?