तरफ बांधावी कशी? नवशिक्या गुरुजींसाठी सोपी मार्गदर्शिका

सहावीच्या पुस्तकातला ‘साधी यंत्रे’ हा धडा वाचून दाखवला की तासाभरात संपतो. केळवे-माहीम पट्ट्यातल्या माकुणसारच्या मुलांकडून तरफ बांधून घ्यायची असेल, तर मात्र पुढील सूचना पाळाव्यात.

१. साहित्य : ३ मीटरचा बांबू, भक्कम बेचके, दोरी, बादली, दगड. थर्माकोल आणू नये. थर्माकोलची तरफ प्रदर्शनात बक्षीस उचलते, दुसरे काही उचलत नाही.

२. टेकू : बेचके रोवायला खड्डा मुलांनाच खणू द्यावा. पहारीने दगड उपसणाऱ्याला ‘आधी धडा ऐक’ म्हणू नये. पहिल्या प्रकारची तरफ त्याच्या हातातच आहे.

३. मोजमाप : टेकूपासून १ मीटरवर बादली, २ मीटरवर हात. १० लिटर पाण्याला ५ किलोइतका जोर पुरतो. मुले खूश होतील. मग पट्टी द्यावी : बादली २० सेंटिमीटर वर, हात ४० सेंटिमीटर खाली. जोरात वाचले ते अंतरात गेले, हे मुलांनाच शोधू द्यावे. बांबूच्या वजनामुळे हिशेब थोडा चुकेल. का चुकला, असे विचारणाऱ्याला पुढच्या बाकावर बसवावे.

४. लाट (विहिरीतून पाणी उपसायची तरफ) : आता आखूड टोकाला दगड, लांब टोकाला बादली. तोल साधायला दगड भरल्या बादलीच्या दुप्पट हवा. रिकामी बादली खाली ओढताना माणूस अंगाचा भार टाकतो, भरलेली वर आणायला दगड राबतो. पंप येण्याआधी कोकणात अशा लाटांनी वाड्या शिंपत. इजिप्तमध्ये हिलाच शादूफ म्हणतात. गावातल्या एखाद्या आजोबांना बोलवावे. ते येताक्षणी तुमचा टेकू हलवतील. गुरुजींनी गप्प बसून पाहावे.

५. गृहपाठ : सांडशी, अडकित्ता, चिमटा आणायला सांगावे. सांडशीत टेकू मधे, अडकित्त्यात भार मधे, चिमट्यात बल मधे. तिन्ही प्रकार झाले. केळवे-माहीमचा हा पट्टा पानवेलींचा, तेव्हा अडकित्ता संध्याकाळच्या आत घरी पोचवावा. आजीला सुपारी फोडायची असते, तरफेचा प्रकार ओळखायचा नसतो.

६. परीक्षा : व्याख्या विचारू नये. टेकू गुपचूप सरकवून ठेवावा आणि तो जागेवर आणणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

७. तपासणी : केंद्रप्रमुख आले, तर भरली बादली लांब टोकाला टांगून आखूड टोक त्यांच्या हाती द्यावे. शाळेच्या अडचणी मग अहवालात नीट उतरतात.