950 किलोमीटर आणि वरचं अर्धं

आत्यासाठी भाजणी, मेतकूट, कोकमं आणि तिच्या सुनेसाठी पैठणीची पर्स एवढ्यातच सामानाची 15 किलोंची मर्यादा संपली. म्हणून मी दोन शर्ट एकावर एक घालून विमानात चढलो.

मुंबई ते रायपूर हवाई अंतर साधारण 950 किलोमीटर, वेळ पावणेदोन ते दोन तास. रेल्वेनं हेच अंतर 1100 च्या वर जातं, कारण गाडीला भुसावळ, नागपूर, गोंदिया सगळीकडे हजेरी लावावी लागते. हे मी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. पूर्वेकडे उडताना वाऱ्याची साथ मिळते, म्हणून हिवाळ्यात विमान जाताना लवकर पोचतं आणि येताना रेंगाळतं, हेही सांगितलं. त्यांनी तोंडावर मासिक ओढलं.

रायपूरच्या माना विमानतळावर वेळेवर उतरलो आणि ऑटो पकडली. तेलीबांधा तलाव छान आहे. जयस्तंभ चौक दिसला. बराच वेळ दिसत राहिला.

मग शारदा चौक. इथून आत्याचं घर, म्हणजे तात्यापारा चौक, जेमतेम अर्धा किलोमीटर. जी.ई. रोड इथं येऊन एकाएकी अंग चोरतो. रुंदीकरणाच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात, रुंदी येत नाही. पुढे ई-रिक्षा, मागे सिटी बस, डावीकडे बुलेटवर वरात निघाल्यासारखं चौकोनी कुटुंब. ऑटो थांबली ती थांबलीच.

आत्याचा फोन. ‘‘कुठे आहेस?’’

‘‘शारदा चौकात.’’

‘‘मग आलासच की! मुनग्याची आमटी गरम करते.’’

आमटी तिनं किती वेळा गरम केली देव जाणे. नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत 1741 मध्ये छत्तीसगडावर चालून आला, तो यापेक्षा वेगानं सरकला असणार. माझे दोन्ही शर्ट एव्हाना एकजीव झाले होते.

तेवढ्यात अंधारलं. रायपूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ 9 रेखांश, त्यामुळे सूर्य इथे 35 एक मिनिटं आधी उगवतो आणि मावळतोही साधारण तेवढाच आधी. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. हे ऑटोवाल्याला समजावलं. तो म्हणाला, ‘‘भैया, सूरज निकल गया, अपन यहीं हैं.’’

पुन्हा फोन. ‘‘किती वाजता निघालास म्हणालास? आणि उतरलास किती वाजता?’’

हे ती प्रत्येक वेळी विचारते. लग्न होऊन ती मेलनं इकडे आली, पत्र्याची ट्रंक घेऊन. आजोबा गेल्याची तार मिळाली तशी तीच गाडी उलट्या दिशेनं पकडून निघाली. दादरला उतरली तेव्हा सगळं उरकलं होतं. याबद्दल ती कधी बोलत नाही. विमानाच्या वेळा तेवढ्या विचारते.

‘‘दोन तासांत आलो, आत्या.’’

‘‘दोन तासांत,’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी ऑटोतच बसून होतो, तोवर ती गर्दीतून चालत आली. वय, गुडघे, सगळं घेऊन.

‘‘उतर! इथेच मुक्काम करणार आहेस का?’’

ऑटोवाल्यानं खोळंब्याचे जादा पैसे मागितले. आत्यानं त्याच्याशी अस्सल छत्तीसगढीत जे भांडण काढलं, त्यातलं मला ‘नइ देवँव’ एवढंच कळलं. मागची बस हॉर्न वाजवून थकली. शेवटी त्याला पैसे सगळे मिळाले, आणि वर आत्या म्हणाली, गाडी इथेच राहू दे, हलणार तर नाहीच आहे, चल चहा घ्यायला.