बॉटनीचे सर

राहुरीपासून कोपरगावपर्यंत प्रत्येक मोठ्या गावात एक तरी निवृत्त बॉटनीचे सर असतात. पांढरा शर्ट, खिशात पेन, पेनाशेजारी भिंग. सकाळी फिरायला निघतात, पण तासाभरात ओढ्याचा पूलही ओलांडत नाहीत. वाटेत तण फार. आपण जखमेवर चोळतो ती एकदांडी त्यांच्या लेखी 'ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स'. प्रोकम्बेन्स म्हणजे भुईवर लोळणारी, हे सांगताना ते बघतात मात्र पारावरच्या पोरांकडे.

आमच्या सरांना माणसाचं नाव आठवत नाही, विशेषण आठवतं. लग्नात नवरदेवाच्या खुंटांना त्यांनी 'हिस्पिड', म्हणजे राठ केसांचा, म्हटलं. वधूपक्षाला वाटलं, काहीतरी आजार आहे.

सगळ्यांत लाडकं विशेषण 'मार्सेसंट'. लॅटिनात 'मार्केरे' म्हणजे कोमेजणं, तिथून हे आलं. वाळूनही न गळणारं, असा अर्थ. पान गळायचं तर देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होऊन तुटावा लागतो. विलायतेतल्या ओक आणि बीचच्या झाडांत हे काम अर्धवट राहतं आणि वाळकी पानं हिवाळाभर फांदीला लोंबत राहतात. ओक इथे कुठला? म्हणून सर उसात शिरून कांड्याला चिकटलेलं पाचट दाखवतात. एक शेतकरी म्हणाला, "सर, 86032 जातीचा ऊस लावा, पाचट सहज निघतं." सरांचा चेहराच पडला. बाजारात भाजीवाली दोडक्याच्या टोकाचं सुकलेलं फूल मोडायला लागली, तर हे ओरडले, "राहू द्या बाई, तेच तर बघायचंय!"

एकदा त्यांनी पतसंस्थेच्या माजी चेअरमन नानांना भर सभेत मार्सेसंट म्हटलं. नाना तीनदा पडले होते, तरी ऑफिसातली खुर्ची सोडत नव्हते. पण शब्द इंग्रजी, शिवाय सरांच्या तोंडचा! कार्यकर्त्यांनी नानांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावला: 'मार्सेट नेतृत्व'.

सर भिंग घेऊन फ्लेक्ससमोर उभे राहिले. आता हसतील असं वाटलं, तर संतापलेच. "'सं' खाल्ला! आणि ही पानं नवे कोंब फुगले की गळतात, ते कुठे लिहिलंय?"

मग भिंग खाली, कोपऱ्यातल्या 'युवा नेते' नातवाच्या फोटोवर नेलं. जरा वेळ पाहिलं.

"लिहायची गरज नाही," सर म्हणाले. "दिसतोय."