लाइटबिल कुणाच्या नावावर आहे?

कंपनी कुठल्या शहरात काढायची, यावर मी गेल्या चार वर्षांत जेवढं ऐकून घेतलं, त्याच्या निम्मंही कंपनी काय करते यावर कुणी विचारलं नाही. लग्नाच्या पंगतीत, सीएच्या ऑफिसात, गुंतवणूकदाराच्या काचेच्या खोलीत, सगळीकडे पहिला प्रश्न तोच. पुण्यात का नाही? बेंगलोरला का नाही? मुंबईत राहून पैसे का उभे करत नाही? विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही, हे मला जास्त लागतं. त्याचं उत्तर तयार असतं आणि बहुतेक वेळा ते त्याच्या स्वतःच्या राहत्या शहराचं नाव असतं.

म्हणून आधी काम सांगते. फाउंड्रीत भट्टी एकदा भरून, धातू वितळवून ओतला की त्याला हीट म्हणतात. त्या हीटमध्ये पिग आयर्न किती, स्क्रॅप किती, कार्बन आणि सिलिकॉन किती आलं, किती तापमानाला टॅप केलं, पहिला साचा किती वाजता भरला आणि शेवटचा किती वाजता, हे सगळं वर्षानुवर्षं एका लांबट रजिस्टरात लिहिलं जातं. दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाकडून कास्टिंग परत आलं की ते रजिस्टर शोधायचं, पान सापडलं तर अक्षर लावायचं, आणि त्यावर डाग पडलेला असेल तर तोंडावर भांडायचं. ही नोंद आम्ही टॅबवर आणली. आम्ही म्हणजे मी आणि माझा आतेभाऊ. आमची गिऱ्हाइकं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतली. दोघंही कोल्हापूरचे. तरीही आम्ही कंपनी पुण्यात काढली, कारण कोल्हापुरात सॉफ्टवेअर कंपनी काढतो म्हटल्यावर लोक आधी आमच्याकडे आणि मग आमच्या आईवडिलांकडे काळजीने बघायचे.

पुण्यात पहिला अडथळा आला तो लाइटबिलाचा. कंपनी नोंदवायला कार्यालयाचा पत्ता लागतो, पत्त्याच्या पुराव्याला दोन महिन्यांच्या आतलं बिल लागतं, आणि ज्याची जागा त्याची एनओसी लागते. कर्वेनगरला आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. घरमालक सज्जन होते, भाडं वाजवी होतं, अकरा महिन्यांचा करारही रीतसर नोंदवलेला होता. बिल मात्र त्यांच्या वडिलांच्या नावावर येत होतं आणि वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. "नाव बदलायचं राहूनच गेलं हो," ते म्हणाले. त्यात त्यांची चूक मला आजही दिसत नाही. बिल वेळेवर येत होतं, ते वेळेवर भरत होते. नावाशी त्यांना काही काम पडलंच नव्हतं. पडलं ते आम्हाला. सीए म्हणाला, या बिलावर एनओसी चालणार नाही, आधी वारसाची कागदपत्रं आणा. मृत्यूचा दाखला, सोसायटीचं पत्र, बहिणीचं संमतिपत्र. बहीण नाशिकला. तिला वाटलं जागेच्या वाटणीचं काहीतरी चाललंय, म्हणून तिने पंधरा दिवस फोनच उचलला नाही. आमच्या कंपनीच्या पहिल्या दीड महिन्यात एक ओळ कोड लिहिला गेला नाही आणि एका घरात भावाबहिणीत अढी आली. शहरांच्या गुणवत्तेच्या ज्या याद्या छापून येतात, त्यांत मनुष्यबळ असतं, भांडवल असतं, विमानतळ असतो. पत्त्याच्या पुराव्याला किती दिवस लागतात, हा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

पुढे हिंजवडीला एका ओळखीच्या कंपनीत कोपरा मिळाला. आयटी म्हटलं की हिंजवडी, हे गृहीतच होतं. २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं मी वाकडच्या पुलाखालून गेले. वाहतूक कोंडीबद्दल मी लिहीत नाही, तिची चीड सगळ्यांनाच आहे. मला राग आहे तो एका खड्ड्याचा. आमच्या वळणावर तो होता आणि मी त्याची तक्रार करायची ठरवली. तेव्हा कळलं की आयटी पार्कातले रस्ते एमआयडीसीचे, बाजूची गावं ग्रामपंचायतीत, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, बाह्यवळणाचा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि या सगळ्या पट्ट्याचं नियोजन पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे. देशभरातले इंजिनिअर ज्या चार-पाच किलोमीटरांवर रोज ये-जा करतात, तिथे एका खड्ड्याला एक धनी नाही. मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. मी तिथे होते तोवर खांबांची सावलीच वापरायला मिळाली. तो खड्डा दोन पावसाळे टिकला. तिसऱ्या पावसाळ्याआधी आम्हीच हललो.

याच काळात मला इन्फोसिसची गोष्ट किमान चाळीस वेळा सांगण्यात आली. ती १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बेंगलोरला गेली, हे खरं आहे. पुण्याचा माणूस ती हळहळून सांगतो, बेंगलोरचा माणूस समजुतीच्या सुरात सांगतो: शेवटी तुम्हीही इकडेच येणार. पण बेंगलोरमध्ये मायको हे गिऱ्हाईक मिळालं आणि कंपनी त्या गिऱ्हाइकाच्या गावी गेली, एवढा भाग दोघंही गाळतात. आमच्या दृष्टीने गोष्टीत तेवढाच भाग कामाचा होता. माझ्या काकांचं दुसरं टोक. ते म्हणायचे, झोहो बघ, तेनकाशीजवळच्या खेड्यात ऑफिस चालवते. झोहोची सुरुवात १९९६ ची आणि तेनकाशीचं ऑफिस २०११ चं. मधली पंधरा वर्षं काका एका श्वासात ओलांडतात. तेव्हा आमच्या खात्यात पंधरा आठवड्यांचा पगारही नव्हता.

तरी आम्ही बेंगलोरला गेलो. एका गुंतवणूकदाराने स्पष्ट सांगितलं की संस्थापक दर आठवड्याला भेटायला हवेत. एचएसआर लेआउटमध्ये जागा पाहिली. डिपॉझिट दहा महिन्यांच्या भाड्याइतकं, आणि सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार, हे आधीच सांगितलेलं. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटची सवय असलेल्या माणसाला ही रक्कम ऐकून बसावं लागतं. जो पैसा माणूस नेमायला ठेवला होता तो घरमालकाच्या खात्यात जाऊन पडला. कर्नाटकात धंद्याची जागा घेतली म्हणून जीएसटीचा नवा नंबर. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, तिकडचा २९ ने. आणि नव्या नंबराला काय लागतं? जागेचं लाइटबिल आणि मालकाची संमती. मालक अमेरिकेत. मी रात्री साडेअकराला फोन लावायचे, तेव्हा त्यांची सकाळ असायची आणि ते गाडी चालवत असायचे. सही यायला तेवीस दिवस लागले.

बेंगलोरने जे दिलं ते नाकारणार नाही. टॅब नेट नसताना नोंद साठवून ठेवतो आणि नंतर पाठवतो, त्यात नोंदी दोनदा जात होत्या. हे नेमकं काम आधी केलेला माणूस मला तिथे आठ दिवसांत भेटला. त्याने कॉफीच्या बदल्यात दोन तासांत दोष दाखवला. पुण्यात याला महिना लागला असता, कोल्हापुरात मी त्याला शोधतच राहिले असते. कंपनीचं नाव प्रत्येक कार्यालयाबाहेर स्थानिक लिपीतही लावावं लागतं, म्हणून तिथल्या एका पेंटरने आमचं नाव कन्नडमध्ये लिहिलं. ती पाटी मी परत आणली आहे. अक्षरं फार सुंदर आहेत.

पण बेंगलोरमध्ये बसून आम्ही बटणं चुकवली. तिथल्या डिझायनरने स्क्रीन छान केली होती. बारीक अक्षरं, फिकट करडा रंग, बोट सरकवलं की पुढचं पान. ती शिरोलीला पहिल्यांदा चालवली तेव्हा मी तिथे नव्हते. आतेभावाने रात्री पावणेदोनला व्हिडिओ कॉल केला. समोर एसजी आयर्नची हीट तयार होती. एसजी आयर्नमध्ये मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की घड्याळ सुरू होतं. साधारण दहा मिनिटांच्या आत सगळे साचे भरले पाहिजेत, नाहीतर मॅग्नेशियम उडत जातं आणि शेवटच्या कास्टिंगांमध्ये ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत. त्या दहा मिनिटांत मेल्टरला वेळ नोंदवायची होती. त्याच्या हातात चामड्याचे मोजे. मोज्याला स्क्रीन दाद देत नाही. त्याने मोजा दाताने ओढून काढला, बोट दाबलं. बोटाला काळी वाळू, स्क्रीनवर काळा पट्टा, त्याखाली फिकट करडी अक्षरं गायब. दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्यांदा त्याने टॅब खिडकीत ठेवला, खडू घेतला आणि भट्टीच्या पॅनलवर वेळ लिहिली. मग मोजा चढवून धातू ओतायच्या लॅडलकडे गेला. मी सहाशे किलोमीटरवरून ते पाहत होते आणि मला लाज वाटली.

सकाळी त्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत ते. रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, तू तिकडं बसून कुणासाठी करायलीयस हे? भट्टी तर हितं हाय."

त्या आठवड्यात मी पुणे-बेंगलोर रात्रीच्या बसने तावडे हॉटेलपाशी उतरले. अडीच वर्षं याच महामार्गावरून मी कोल्हापूर ओलांडत होते. कधी पुण्याकडे, कधी बेंगलोरकडे, आणि दर वेळी पहाटे इथे पाच मिनिटं बस थांबायची. भट्टी या थांब्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर होती.

आता आमचं ऑफिस शिरोलीत, एका कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर आहे. बटणं तळहाताएवढी झाली आहेत, पिवळ्यावर काळी, मोज्याने दाबता येणारी वेगळी कळपट्टीही टॅबच्या बाजूला लावली आहे. एखादी गोष्ट बिघडली की जिना उतरून, रस्ता ओलांडून बघता येते. यासाठी कुठल्याही शहराला मी नकार देईन. पण इथे येऊन त्रास संपला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

इथल्या तक्रारींत मला सगळ्यात बोचते ती माणसांची. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दर वर्षी हुशार मुलं बाहेर पडतात आणि निकालाच्या आधीच पुण्याला खोली बघतात. आमच्याकडे एक मुलगा होता, गडहिंग्लजकडचा. कामात माझ्यापेक्षा सरस. नेमणुकीआधी त्याचे वडील ऑफिस बघायला आले होते. काही बोलले नाहीत. चहा घेतला, खुर्च्या मोजल्या. ओठ हलत होते म्हणून कळलं. सहा. निघताना म्हणाले, "पुण्यात बी ब्रँच हाय न्हवं तुमची?" मी आहे म्हणाले, कारण नोंदणीचा पत्ता अजून पुण्याचाच होता. दीड वर्षाने मुलाचं लग्न ठरवायला घेतलं. तीन स्थळांनी एकच विचारलं, मुलगा पुण्यात कधी जाणार? चौथ्याच्या वेळी तो माझ्यासमोर येऊन बसला आणि राजीनामा देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो आज हिंजवडीत आहे. पगार जेमतेम दीडपट, भाडं तिप्पट. मी त्याला दोष देत नाही. पण एका मुलाने कुठे कोड लिहावा हे अजून न भेटलेल्या सासऱ्याने ठरवावं, याचा मला अतिशय संताप येतो, आणि तो कुठल्या खिडकीवर नोंदवायचा हे मला कुणी सांगत नाही.

त्याच्या जागी आम्ही भट्टीवरच्या एका सुपरवायझरची मुलगी घेतली आहे. डिप्लोमा केलेली. ती पहिल्या दिवशी स्वतःचे मोजे घेऊन आली.

पुण्याचा पत्ता या वर्षी बदलायचा ठरवलं. राज्य तेच असल्याने मोठी भानगड नाही, ठराव, फॉर्म, जागेचा करार, एनओसी आणि दोन महिन्यांच्या आतलं लाइटबिल. या वेळी मी आधीच शहाणपण केलं होतं. जागा घेतानाच मालकांना सांगून स्वतंत्र मीटर मागितला, अर्ज कंपनीच्या नावाने केला, पावती जपून ठेवली. गेल्या महिन्यात पहिलं बिल आलं. पत्ता बरोबर, पिनकोड बरोबर, रक्कमही बरोबर. कंपनीच्या नावातलं एक जोडाक्षर चुकलं आहे. सीए म्हणतो, असं चालणार नाही. मी सोमवारी दुरुस्तीचा अर्ज दिला आहे आणि पोच घेतली आहे.