रा. रा. रीड-सीएसव्ही यांस अनावृत पत्र

रा. रा. रीड-सीएसव्ही यांस,
मु. यूटिल्स, पो. आर (संगणकभाषा)

कृ. सा. न. वि. वि.

मी आपल्याला एक फाइल नुसती वाचायला दिली होती. आपण ती वाचलीत, सुधारलीत आणि चकार शब्द न काढता परत केलीत. इतका तत्पर कारकून मला उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

फाइल २०० गरोदर बायकांची. लिंगाच्या रकान्यात अर्थातच सगळीकडे ‘एफ’. आपण ठरवलंत, एफ म्हणजे ‘फॉल्स’, आणि दोनशेच्या दोनशे बायका खोट्या पाडल्यात. यादीत एक जरी ‘एम’ असता तर आपण एफला फॉल्स मानलं नसतं म्हणे. सोबत पुरुष असल्याखेरीज बाईला खरं मानायचं नाही, हा रिवाज आपण कुठून उचललात?

घर क्रमांक ००७ चं आपण ७ केलंत. लसीकरणाच्या यादीत तो मजकूर म्हणून ००७ च होता. याद्या जोडल्या तर ९९ पर्यंतचं एकही घर जुळेना, १०० पासूनची मात्र बिनबोभाट जुळली.

पण खरी करामत वजनाची. एका नोंदीत आशाताईंनी प्रामाणिकपणे ‘काटा बंद’ असं लिहिलं होतं. तेवढ्यावरून आपण अख्खा रकाना ‘फॅक्टर’ केलात, म्हणजे प्रत्येक वेगळ्या वजनाला रांगेतला एक नंबर. मी भाबडेपणाने ॲज-न्यूमरिक लावलं, तर किलोंऐवजी ते रांगेतले नंबर हाती आले. सरासरी वजन १७.४. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आधी ॲज-कॅरेक्टर, मग ॲज-न्यूमरिक, हे शहाणपण मला त्या बैठकीनंतर आलं.

मजकुराचा फॅक्टर करण्याची आपली खोड एप्रिल २०२० मध्ये आर ४.०.० ने मोडली, असं ऐकतो. आमच्या ऑफिसातला संगणक अजून ३.६ वर आहे. आणि एफचं फॉल्स करणं, पुढची शून्यं गिळणं हे तर नव्या घरातही चालूच आहे.

तेव्हा यापुढे कोलक्लासेसमध्ये ‘कॅरेक्टर’ लिहूनच फाइल आपल्या हाती देईन. सगळे रकाने मजकूर म्हणून जसेच्या तसे आणून ठेवा. एनए-स्ट्रिंग्जमध्ये ‘काटा बंद’ मीच लिहीन, वजनाचे आकडेही मीच करीन. आपण तर्क लढवू नये.

कळावे, लोभ असावा (वाचण्यापुरता).

आपला,
एक सांख्यिकी सहायक

ता. क. : नामिबियाचा दोन अक्षरी देशसंकेत ‘एनए’ आहे. ती अक्षरं दिसली की आपण ‘माहिती नाही’ समजता, तेव्हा जगाची यादी वाचताना त्या देशाचं काय करता?

ता. ता. क. : आशाताई विचारत होत्या, नवा काटा कधी येतोय.